मामांनी कॉम्प्युटर गाळला

जगात कचरा नावाची वस्तूच नसते, असं छातीठोकपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या आईचा सख्खा भाऊ निघाला हे मी माझं भाग्य समजते. माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं. या दोन गावांच्या अधेमधे, औंधाच्या यमाईला लांबूनच हात जोडून विट्याच्या दिशेनं निघालं की जरा आडवळणाला मामांचं गाव लागतं. त्यामुळे लग्न झाल्यापासून माझी माहेरची प्रत्येक फेरी मामांच्या सोप्यावरून जाते. मामांचं उभं आयुष्य मात्र या सोप्यात गेलं नाही, ते गेलं केरळात, त्रिशूरला. आमच्या विट्याकडचे पुरुष सोनं गाळायला देशभर पांगलेले आहेत, तसे तेही मिसरूड फुटायच्या आत तिकडे गेले. जुने दागिने आटवायचे, त्यातलं तांबं, चांदी, सांध्यांना लावलेलं डाक वेगळं काढायचं आणि शुद्ध सोनं गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचं, या धंद्याला गलाई म्हणतात. मामांच्या हातून कुणाचं गुंजभर सोनं कधी इकडचं तिकडे झालं नाही. तिथले सराफ पावतीसुद्धा न मागता ऐवज त्यांच्या हवाली करून जात, असं मामा सांगतात. हे सांगताना ते मिशांवरून हात फिरवतात, आणि मिशा त्यांनी कधीच ठेवलेल्या नाहीत.

गलाईच्या दुकानात सगळ्यांत मोलाची वस्तू कोणती असं विचारलं तर तुम्हीआम्ही तिजोरीकडे बोट दाखवू. मामा कोपऱ्यातल्या केराच्या पेटीकडे दाखवतील. कारण सोनं गाळताना त्याचे कण उडतात, ते धुळीत बसतात, राखेत बसतात, पायपुसण्यात, केरसुणीत, काम करणाऱ्याच्या बनियनमध्ये बसतात. म्हणून दुकानातला केर कधी बाहेर टाकायचा नाही. हात धुतलेलं पाणीसुद्धा साठवायचं. मग कधीतरी हा सगळा ऐवज जाळून, धुऊन, चाळून त्यातून सोनं काढायचं. हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे लोक असतात, त्यांना झारेकरी म्हणतात, आणि मामा त्यांच्याविषयी एखाद्या गवयानं दुसऱ्या गवयाविषयी बोलावं तसे कानाच्या पाळीला हात लावून बोलतात. दुकानाची जागा बदलायची झाली तर आधी केराची पेटी हलवायची आणि मग तिजोरी. तेवढ्यानं भागत नाही. जुन्या दुकानाची भुईसुद्धा खरवडून पोत्यात भरून बरोबर न्यायची. मामांनी एकदा जागा बदलली तेव्हा घरमालकाला परत मिळालेली खोली आधीपेक्षा वीतभर खोल होती म्हणे.

धंदा मुलाच्या हाती सोपवून मामा गावी परतले, पण सवयी तिकडे ठेवून आले नाहीत. गोठ्यातून आल्यावर ते घमेल्यात हात धुवायचे आणि ते पाणी झाकून ठेवायचे. मामी ते उचलून सरळ कढीपत्त्याच्या बुंध्यात ओतायची आणि मग आख्ख्या आळीला फुकट करमणूक मिळायची.

"आवं, म्हशीच्या शेणात हात घातलाया तुमी! त्यात कुठलं सोनं आलंय?"

"सवय हाय गं हाताला."

"मग हात तिकडंच ठिऊन याचं व्हतं!"

मामीचा आवाज ही आमच्या आजोळची खरी इस्टेट होती. ओढ्यापलीकडच्या रानातल्या माणसाला जेवायला हाक मारायची असली की शेजारणी आपला घसा न खर्चता मामीला सांगायच्या. ती अंगणात उभी राहून एकदाच हाक मारायची आणि तिकडे ज्याला बोलावलं तो तर यायचाच, शिवाय ज्यांना नाही बोलावलं तेही दोघेतिघे यायचे. अशा बाईला गावी ठेवून मामा तिकडे त्रिशूरला कसे राहिले असतील, असं मला लहानपणी वाटायचं. मोठेपणी कळलं की राहिले नव्हते, नुसते दिवस काढत होते.

माणसांची पारखही मामा सोन्यासारखी करतात. सोन्याच्या शुद्धतेला ते टंच म्हणतात. मला दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के मिळाले तेव्हा घरात पेढे वाटले गेले, आणि त्रिशूरहून मामांचा फोन आला, "अठ्ठ्यात्तर टंच म्हंजी बावीस टक्के तांबं ऱ्हायलंच की गं पोरी. पर असू दे, आजून येळ हाय. गाळू." माझ्या लग्नात तर त्यांनी कहर केला. भरल्या मांडवात सासरच्यांनी मला घातलेली पाटली त्यांनी माझं मनगट उचलून उजेडात धरली, नखानं जराशी टोकरली आणि दोन्हीकडच्या वऱ्हाडाला ऐकू जाईल असा निकाल दिला, "पाटलीत तांबं जरा जास्ती हाय, पर पोरगा चोख दिसतोय!" तेव्हापासून मामा सांगलीला आले की माझ्या सासूबाई पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन गळ्यातलं सगळं झाकून बसतात. पोरगा चोख निघाला हे मात्र मला मामांच्या पदरात टाकलंच पाहिजे.

आणि त्यांचं मल्याळम! ते त्यांच्या तोंडात इतकं मुरलंय की राग आला की मराठी मागे पडते. दूध न देणाऱ्या म्हशीची ते मल्याळममध्ये खरडपट्टी काढतात, आणि मामी म्हणायची की म्हशीला आता तेवढंच कळतं. एकदा औंधाला यमाईच्या डोंगरावर त्यांना साताऱ्याच्या कुठल्याशा दवाखान्यातल्या केरळी नर्स भेटल्या. मामांनी पायऱ्यांवरच त्यांच्या गावांची, नद्यांची आणि फणसांची चौकशी सुरू केली आणि त्या सगळ्या जणींना जीपमध्ये घालून घरी जेवायला आणलं. मामीनं न कुरकुरता भाकऱ्या थापल्या. जाताना त्या पोरींनी तिच्या गळ्यात पडून तिला अम्मा म्हटलं. मामी नंतर चार दिवस त्याच आनंदात मामांवर ओरडत होती.

घरात कॉम्प्युटर आला तो मामांचा मुलगा विट्याच्या कॉलेजात गेला तेव्हा. तो सांगलीतून घेतला आणि तेव्हा सुट्टीवर आलेल्या मामांनी एसटीनं मॉनिटर मांडीवर घेऊन आणला. शेजारच्या माणसानं "खाली ठेवा की" म्हटलं तर मामांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो पुढच्या थांब्याला उतरून गेला. मामीनं आपल्या इरकली लुगड्याचं त्याला झाकण शिवलं. खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड आणि मामांची जुनी मूस, म्हणजे सोनं आटवायचं ते मातीचं भांडं, यांच्या ओळीत कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लागायचं. मुलानं मामीला एवढंच शिकवलं होतं की आवाज भरायला पडद्यावरच्या तांबड्या गोलावर दाबायचं, बोलायचं आणि पुन्हा दाबायचं. मामीला लिहायचा कंटाळा आणि बोलायचा दांडगा उत्साह. ती रोज त्या गोलावर दाबून त्रिशूरच्या नवऱ्याशी बोलायची आणि मुलगा ते बोलणं ईमेलनं तिकडे धाडून द्यायचा. हातोहाती मोबाइल आले आणि हा प्रकार थांबला.

मग एके दिवशी मामीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू थोडा सुधारला, हात तेवढा सुधारला नाही आणि बोलणं गेलं ते गेलंच. तिला सगळं कळतं, ती डोळ्यांनी हसते, रागावते, पण तोंडातून येतो तो एखादा 'हं'. सून रेश्मा नवऱ्याला त्रिशूरला ठेवून सासूची काळजी घ्यायला गावी येऊन राहिली. या मुलीविषयी एक वेगळा लेख लिहावा लागेल. मामांनी तिला फार पूर्वीच शंभर टंच ठरवून टाकलंय, आणि हा शेरा त्यांनी दुसऱ्या कुणाला दिल्याचं मला ठाऊक नाही. मामीचं आजारपण मामांनी कसं काढलं हे मी पाहिलंय. तिची वेणी ते घालतात. वाकडी घालतात, पण घालतात. घमेल्यातलं पाणी आता ते स्वतःच उचलून कढीपत्त्याला ओततात.

अशात मागच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरनं मान टाकली. म्हणजे चालायचा, पण चालू केल्यावर मामांची आंघोळ आणि देवपूजा उरकायची तेव्हा कुठे त्याची खिडकी उघडायची. त्यातच त्याच्या जुन्या विंडोजची देखभाल आता बंद होणार आणि नवी आवृत्ती काही या यंत्राला पेलणार नाही, असं पडद्यावर दिसायला लागलं. मामा तो घेऊन एका दुकानात गेले. तिथल्या माणसानं वरवर बघितलं आणि म्हणाला, "आण्णा, भंगारात घाला, नवा घ्या." त्या बिचाऱ्याला काय माहीत की आपण हा शब्द कुणासमोर उच्चारतोय. मामांनी कॉम्प्युटर परत लुगड्याच्या झाकणात गुंडाळला आणि म्हणाले, "भंगार तुला कवा कळणार हाय बाळा? चाळीस वर्सं म्या भंगारातच काढली." आणि घरी येऊन त्यांनी थेट त्रिशूरला फोन लावला.

तिकडे त्यांच्या जुन्या दुकानाशेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. मामा त्यांना 'माषे' म्हणतात, तिकडे मास्तरांना अशीच हाक मारतात. केरळच्या शाळांतले कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात, हे या मास्तरांनी मामांना पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही पळतं, हे मामांच्या ध्यानात पक्कं राहिलं होतं. फोनवर तासभर मल्याळम झाली. मग मला फोन आला, "पोरी, ऐतवारी साताऱ्यास्नं येताना हिकडं वळ. कॉम्प्युटर गाळायचा हाय."

मी पोचले तेव्हा सोप्यात सगळी तयारी मांडलेली होती. मामा आंघोळ करून पांढरी लुंगी नेसून बसले होते. कॉम्प्युटरला हार होता. मामी खुर्चीत, खुर्ची अशी फिरवलेली की तिला पडदा नीट दिसावा. रेश्मा की-बोर्डापुढे, मामांच्या कानाला फोन आणि फोनच्या त्या टोकाला माषे. मास्तर मल्याळममध्ये सांगत, मामा ते मराठीत आणत, आणि आणता आणता त्यात आपली गलाई घालत. "आता म्हणत्यात की सगळा माल दुसऱ्या डब्यात काडून घ्या," असं मामा म्हणाले की रेश्मा समजायची की फायली बाहेरच्या डिस्कवर घ्यायच्या. तिनं उताऱ्यांचे कागद घेतले, नातवंडांचे फोटो घेतले, उसाच्या बिलांपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं घेतलं.

"सगळं आलं न्हवं?" मामांनी विचारलं.

"आलं आण्णा. एकूणएक बघून घेतलंय."

"शरी, शरी," म्हणजे बरं, बरं, असं मामा फोनवर म्हणाले आणि आमच्याकडे वळून त्यांनी हुकूम सोडला, "लाव आच!"

जुनं सगळं पुसलं जाईल, चालेल ना, असं यंत्रानं विचारलं. रेश्मानं मामांकडे पाहिलं, मामांनी मामीकडे पाहिलं, मामीनं मान डोलावली आणि रेश्मानं बटण दाबलं. पुढचा अर्धापाऊण तास आम्ही चौघं त्या पडद्यावरची सरकणारी पट्टी पाहत होतो. मामा मधूनच "उतरतंय, उतरतंय" म्हणायचे. आणि खरोखर, पट्टी भरली, यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं आणि मामांना देव्हाऱ्यापर्यंत जायलाही वेळ न देता पडदा लख्ख उघडला. त्यात भाषा निवडायची सोय होती. रेश्मानं मराठी निवडली. आमच्या आजोळच्या सोप्यात, भंगार ठरवलेल्या यंत्रावर, सगळ्या पाट्या मराठीत उमटल्या. सत्तरी ओलांडलेल्या, शाळा जेमतेम पाहिलेल्या माझ्या मामानं परक्या भाषेतून सूचना घेऊन हे घडवून आणलं होतं. मला इतका अभिमान वाटला की मी त्यांच्या पाया पडले. मामांनीही नको वगैरे म्हटलं नाही. उलट लुंगी सारखी करून नीट उभे राहिले, मला सोयीचं व्हावं म्हणून. मग त्यांनी त्रिशूरला मुलाला फोन केला, गल्लीत दोघांना हाका मारून आत बोलावलं, आणि मामीच्या तोंडात पेढ्याचा कण घालून "बगितलंस का? बगितलंस का?" असं तिला पुनःपुन्हा विचारत राहिले.

पेढे खाऊन माणसं गेली आणि मामा एकटेच कॉम्प्युटरपुढे बसले. माउस हातात घेऊन ते पडद्यावर काहीतरी शोधत होते. मग त्यांनी रेश्माला हळूच विचारलं, "केराची पेटी कुठं गेली गं हितली?"

रेश्मानं ती दाखवली. नव्या पडद्यावर ती दुसऱ्या कोपऱ्यात होती. मामांनी उघडली. आत काही नव्हतं.

"जुन्या पेटीतलं हितं आलं न्हाई?"

"जुन्या रिसायकल बिनमधलं?" रेश्मा हसली. "आण्णा, टाकून दिलेलं कोण घेतंय बरोबर?"

मामांचा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा तसा पाहिला. ते खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. मामीकडे त्यांनी पाठ केली होती, तशीच ठेवून आम्हा दोघींना ऐकू येईल इतकंच बोलले, "तिचा आवाज व्हता त्यात."

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. मामी पूर्वी त्या तांबड्या गोलावर दाबून जे बोलायची, ते सगळं या यंत्रात कुठल्याशा कोपऱ्यात राहून गेलं होतं. मामीचं बोलणं गेल्यावर ते मामांना सापडलं. ते कुठे ठेवावं याचा त्यांनी फार विचार केला. घरात येणारंजाणारं कुणीही कॉम्प्युटरला हात लावतं, पाहुण्यांची पोरं काहीबाही दाबतात. म्हणून त्यांनी ते अशा जागी ठेवलं की जिला कुणी हात लावत नाही, चोर जिकडे बघत नाही आणि शहाणा माणूस जी जिवापाड जपतो. त्यांनी मामीचा आवाज केराच्या पेटीत ठेवला होता. ऐकायचा झाला की तो बाहेर काढायचा आणि पुन्हा पेटीत टाकायचा. आणि केरही घेतलास ना, हे रेश्माला विचारायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. दुकान हलवताना आधी काय उचलायचं हे काय विचारायची गोष्ट आहे? मी त्यांना हसू शकले नाही. उभ्या हिंदुस्थानात ही चूक फक्त विट्याकडचा गलाईवालाच करू शकला असता, आणि त्याच्या लेखी ती चूक नव्हतीच.

रेश्मा रडायला लागली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं माषेंना फोन लावला. या वेळी मल्याळम अगदी हळू आवाजात झाली. मास्तरांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आता त्यावर काहीही करू नका, वायर काढा. मामांनी वायर काढली आणि हातातच धरून ठेवली. मास्तर म्हणाले की पुसलं म्हणजे लगेच नाहीसं होत नाही. वरचं नाव, पत्ता जातो, पण ज्यावर अजून दुसरं काही लिहिलं गेलं नाही, ते खाली तसंच असतं. नशीब असेल तर काही मिळेल, सगळं मिळणार नाही. मामा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांची पाठ ताठ झाली. "मनसिलायी, मनसिलायी," म्हणजे समजलं, समजलं, असं ते म्हणाले आणि आमच्याकडे वळले.

"भुईत मुरलंय म्हणत्यात. मंग झारेकऱ्याचं काम हाय हे. त्येला काय भ्याचं? भुई खरवडू."

मी सांगलीला फोन करून उद्या येते म्हणून कळवलं. मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही यंत्र पेनड्राइव्हवरून चालू केलं, म्हणजे आतल्या डिस्कवर नवं काही लिहिलं जाऊ नये, आणि शोधाशोध करणारं एक साधन तिच्यावर सोडलं. मिळेल ते बाहेरच्या डिस्कवर पडत होतं. ते काम रात्रभर चालत राहणार होतं, म्हणून मामांनी मामीला औषध देऊन झोपवलं आणि आम्हालाही झोपायला पाठवलं. सकाळी पाहिलं तर डिस्कवर आवाजांचा ढीग साठला होता. एकाही फायलीला धड नाव नव्हतं, नुसते आकडे.

चहा झाल्यावर मामा चाळायला बसले. बसण्याआधी त्यांनी पंखा बंद केला. मे महिना, पत्र्याचं घर, पण केर चाळताना वारं चालत नाही, कण उडतात. आम्ही दोघी घामानं निथळत होतो, पण पंखा लावू का, असं विचारायची हिंमत आमच्यात नव्हती. एकेक फाइल उघडायची आणि ऐकायची. कुठे यंत्राची टिंग निघायची, कुठे आरतीची अर्धी ओळ, कुठे मुलाच्या कॉलेजातल्या कुठल्याशा स्नेहसंमेलनाचा गोंगाट, कुठे नुसती खरखर. रेश्मानं एकदा खरखरीची फाइल मध्येच बंद केली तर मामा म्हणाले, "न्हाई पोरी. पुरती ऐकायची. चाळल्याबिगर काय बी टाकाय न्हाई." मामी आपल्या खुर्चीतून हा उद्योग बघत होती. आम्ही काय शोधतोय हे तिला आम्ही सांगितलं नव्हतं. मिळालंच नाही तर तिला कशाला, असं मामांचं म्हणणं. दुपारची जेवणं झाली. मामांनी मामीला भरवलं, स्वतः दोन घास खाल्ले आणि पुन्हा बसले. एकदा मला म्हणाले, "सगळं नगं मला. एक गुंज घावली तरी बास."

आणि मग एका फायलीतून, आधी जराही न खरखरता, ओढ्यापलीकडे पोचणारा तो आवाज सोप्यात आला.

"आवं! ऐकू येतंय का?"

मामीची मान झटकन वर आली. रेश्मानं माझा हात घट्ट धरला. त्या हाकेनंतर फायलीत काहीच नव्हतं. नुसतं अंगण ऐकू येत होतं, कोंबड्या, लांब कुठेतरी चालू असलेली मोटर. मला वाटलं संपलं, तेवढंच राहिलं होतं. मी पुढची फाइल उघडायला माउसकडे हात नेला तर मामांनी तो हलकेच बाजूला केला.

"येतंय गं," ते म्हणाले.

"म्हस व्याली काल. रेडी झालीया, कपाळावर चांद हाय," आवाज पुढे सुरू झाला. "तुमी बसा तिकडं लोकांचं सोनं गाळत. पाऊस हाय व्हय तिकडं?"

पुन्हा अंगण, पुन्हा कोंबड्या. आणि मामा तेवढ्या जागेत म्हणाले, "लय. छत्रीबिगर भायेर पडाय न्हाई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मामी त्या तांबड्या गोलाशी बोलायची तेव्हा प्रश्न विचारून झाला की ती थांबायची. समोर यंत्र आहे, त्रिशूर शेकडो कोस लांब आहे, हे सगळं तिला ठाऊक होतं. तरी नवऱ्याला विचारलं म्हणजे त्याला बोलायला जागा ठेवायची, एवढी तिची रीत होती. आणि मामांना त्या जागा पाठ होत्या. कुठली किती लांब आहे, कुठे 'हो' पुरतं आणि कुठे दोन वाक्यं मावतात, सगळं पाठ. दुपारी घर निजलं की ते कॉम्प्युटरपुढे कानाला हेडफोन लावून बाजारभाव ऐकत बसतात, असं रेश्मा मला कौतुकानं सांगायची. तो बाजारभाव असा होता. फरक इतकाच की आजवर ती उत्तरं त्यांनी ओठातल्या ओठात दिली असतील, आणि आज ती ज्या बाईला द्यायची ती मागे खुर्चीत बसून ऐकत होती, हे बहुधा ते विसरले होते.

"जेवला का?" आवाजानं विचारलं.

"जेवलो गं," मामा म्हणाले. आणि मग, एरवी कधी म्हणत असतील की नाही कोण जाणे, पण त्यांच्या तोंडून गेलं, "तू जेवलीस न्हवं?"

एवढ्या बोलण्याला त्या जागेत वाव नव्हता. कॉम्प्युटरमधली मामी केव्हाच पुढे निघून गेली होती, रेडीला दूध कसं ओढता येईना ते सांगत सुटली होती. उत्तर मागून आलं, खुर्चीतून.

"हं," मामी म्हणाली.